नोटरीच्या शिक्क्यानंतरचं काम: बडोद्यातली लिव्हिंग विल सेवा कशी आहे

नोटरीचा शिक्का बसला की लिव्हिंग विल (आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) झालं, असं जो सांगेल त्याच्याकडे हे काम देऊ नका. शिक्क्यापर्यंत निम्मी वाट होते. तो कागद रात्री दोन वाजता आयसीयूतल्या डॉक्टरांच्या हातात पडायला हवा, तो खरा आहे हे त्यांना तपासता यायला हवं आणि त्यातलं वाचून नेमकं काय करायचं ते कळायला हवं, तेव्हा उरलेली वाट होते. बडोद्यात हे काम करून देणारे साधारण तीन प्रकारचे लोक भेटतात. कोर्टाबाहेर बसून छापील मजकुरात नाव भरून देणारे, इंटरनेटवरून नमुना पाठवणारे, आणि वकील व डॉक्टर मिळून चालवतात ती ऑफिसं. हा अभिप्राय रावपुऱ्याच्या बाजूला असलेल्या तिसऱ्या प्रकारच्या एका सेवेबद्दल आहे. नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहोत. लिहिणारे आम्ही दोघं, एक आयसीयूची बाजू बघणारा आणि एक कागदाची.

आधी एक गल्लत काढून टाकू. हे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतं आणि घर-दागिन्यांबद्दल बोलतं. लिव्हिंग विल माणूस जिवंत असताना, पण स्वतःचा निर्णय सांगू शकत नसताना लागू होतं, आणि फक्त उपचारांबद्दल बोलतं. दोन्ही एकाच कागदात घालून देणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये दांडिया बाजारच्या वाड्याच्या वाटण्या जायचं काही कारण नाही.

हा कागद संसदेच्या कायद्यावर नव्हे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर उभा आहे. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली कोर्टाने उपचार थांबवायला वाट दिली, पण दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागे. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मध्ये बसवला आणि आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. त्यासाठी घालून दिलेली रीत मात्र फार किचकट होती. ती २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी करण्यात आली. म्हणून सेवा निवडताना पहिली परीक्षा अगदी सोपी आहे: त्यांचा नमुना कोणत्या सालचा आहे ते बघा. मजकुरात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिसही, २० वर्षांचा अनुभव असलेले डॉक्टर किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं मंडळ असे शब्द दिसले, तर तो २०१८चा नमुना आहे. कोर्टाबाहेर आणि इंटरनेटवर असे नमुने अजूनही हातात पडतात. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या अनुभवाची अट ५ वर्षांची आहे. रावपुऱ्याच्या ऑफिसचा नमुना २०२३चा होता. इथे पूर्ण गुण.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पहिली बैठक वकिलांची नसून डॉक्टरांची असते. काही ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन थेट सहीला बसवतात, इथे तसं होत नाही. कागद करणारी व्यक्ती सज्ञान हवी, शुद्धीत हवी, आणि कुणाच्या दबावाखाली नको, ही निकालातली अट आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर हीच अट पुढे सगळ्यात आधी कुणीतरी उकरून काढतं. म्हणून डॉक्टर चार गोष्टी बघतात: सांगितलेलं समजलं का, थोडा वेळ लक्षात राहिलं का, फायदा-तोटा तोलता आला का, आणि निर्णय कळवता आला का. ही चौकट इंग्लंडच्या २००५च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टमधली आहे. आपल्या निकालात ती सक्तीची नाही, पण विचारायला उत्तम आहे. त्याच दिवशीच्या तारखेची एक छोटी नोंद डॉक्टर लेटरहेडवर देतात. तीही निकालात मागितलेली नाही, तरी घ्याच. आजची तारीख आणि पंतप्रधानांचं नाव सांगता आलं नाही म्हणजे निर्णयक्षमता गेली असं नसतं, आणि सांगता आलं म्हणजे ती आहे असंही नसतं. हे ज्याला कळतं त्याच डॉक्टरांची नोंद उपयोगाची.

आता मजकूर. खरी किंमत याचीच आहे. ‘मला मशीनवर ठेवू नये’ एवढंच वाक्य असलेले कागद ढिगाने बनतात, आणि ते निरुपयोगी आहेत. का, ते सांगतो. निकालातच म्हटलं आहे की मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळाने (हॉस्पिटलमध्ये निर्णयासाठी बसणारे डॉक्टर, त्याबद्दल पुढे) तो अमलात आणायचा नाही, आणि कागद नसलेल्या रुग्णाची रीत लावायची. ‘मशीन’ म्हणजे काय? न्यूमोनियात चार दिवस लागणारा व्हेंटिलेटर हेही मशीनच, आणि त्यातून माणूस चालत घरी जातो. ऑपरेशननंतर दोन वेळा करावं लागलेलं डायलिसिसही मशीनच. असा ढोबळ कागद हातात घेऊन कुठलाही शहाणा डॉक्टर बरं होणाऱ्या रुग्णाला सोडणार नाही, आणि बरं न होणाऱ्याच्या बाबतीतही त्याच कागदाचा आधार त्याला घेता येणार नाही.

या ऑफिसच्या नमुन्यात एक तक्ता आहे आणि तो मन लावून बनवला आहे. डावीकडे उपचार एकेक करून: छातीदाब देऊन हृदय चालू करणं, घशातली नळी आणि व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून बसवायची नळी, रक्तदाब टिकवणारी इंजेक्शनं, डायलिसिस, नाकातली राइल्स ट्यूब, पोटातली पेग ट्यूब, रक्त, अँटिबायोटिक. उजवीकडे तीन रकाने: हवं, नको, मुदतीपुरतं चालेल. आमच्या मते तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. आयसीयूत पहिल्या दिवशी कुणालाच पुढचं ठामपणे सांगता येत नाही. हृदय बंद पडून पुन्हा चालू झालं असेल, तर मेंदू किती वाचला याचा अंदाज बांधायला डॉक्टर किमान ७२ तास थांबतात. म्हणून ‘२४ तासांत काढा’ असं लिहिणं चूक आहे. सात दिवस प्रयत्न करा, मग मंडळाने सुधारण्याची आशा नाही म्हटलं तर थांबवा, आणि मधल्या काळात गळ्याला भोक पाडू नका, असं लिहिणं बरोबर आहे.

गळ्याच्या नळीची वेगळी ओळ का हवी? तोंडातून घातलेली नळी साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी बदलून गळ्यात नेतात. नातेवाइकांना तेव्हा ‘छोटी प्रोसिजर आहे, इथे सही करा’ एवढंच सांगितलं जातं आणि सही होते. त्या सहीनंतर बेशुद्ध माणूस महिनोनमहिने राहू शकतो. इतका मोठा निर्णय इतक्या लहान वाक्यात निघून जाऊ नये म्हणून ती ओळ.

नाकातल्या नळीच्या ओळीवर घराघरांत रडारड होते, आणि ते समजण्यासारखं आहे. ‘बाबांना उपाशी ठेवलं’ हा डाग आपल्याकडे कुणालाच घ्यायचा नसतो. ही ओळ कोरी सोडली तर तो भार मुलांवर पडतो. जे हवं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. आम्हाला योग्य वाटलेली ओळ अशी: ‘नळीने अन्न नको. तोंडाने जेवढं सुखाने घेता येईल तेवढं पाणी, पेज, दूध चमच्याने द्यावं. ओठ आणि तोंड ओलं ठेवावं.’

इथेच पहिली मोठी तक्रार. तक्ता ‘नको’च्या बाबतीत इतका बारीक, पण ‘काय नक्की करा’ याला नमुन्यात जेमतेम अर्धी ओळ. वेदना, धाप, घुसमट यांसाठी औषध द्यावं, लागल्यास मॉर्फिन द्यावं, झोप येईल याची भीती बाळगू नये, हे ठळक लिहायला हवं होतं. मागितल्यावर घालून दिलं, पण मागावं लागलं. उपचार थांबवणं म्हणजे माणसाकडे पाठ फिरवणं नव्हे, आणि ते कागदावर दिसलं पाहिजे. शिवाय ज्या हॉस्पिटलात जाण्याची शक्यता जास्त, तिथे मॉर्फिन ठेवतात का हे आधीच विचारून ठेवा. सगळीकडे नसतं.

पुढची बाब एका शब्दाची आहे. कागदात तुमच्या वतीने संमती देणाऱ्या व्यक्तींची नावं लिहायची असतात, आणि २०२३पासून एकापेक्षा जास्त नावं चालतात. नमुन्यात ‘मुलगी आणि मुलगा’ असं छापलेलं होतं. या ‘आणि’ने घात होतो. मुलगी मांजलपूरला, रोज आयसीयूच्या दारात, मुलगा टोरंटोत. तो फोनवर म्हणाला, ‘मी येईपर्यंत काही करू नका,’ की सगळं अडकलं. ‘मुलगी, ती उपलब्ध नसल्यास मुलगा’ असा क्रम लिहा. क्रमात ज्याचं नाव खाली आहे त्याला आधीच समोर बसवून सांगा, नाहीतर कागद बरोबर आणि घर फुटलेलं. बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव सवयीने पहिलं घालतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्या घडीला हे झेपेल का, ते विचारूनच घाला.

मुखत्यारपत्राबद्दल ऑफिसने स्वतःहून सांगितलं, त्याचं कौतुक. पुष्कळ घरांत ‘मुलाला पॉवर ऑफ ॲटर्नी दिलीय, तो बघेल’ असं समाधान असतं. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ती मुखत्यारी संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच ती हातातून जाते. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारी लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी असते, त्यात आरोग्यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि जीव टिकवणाऱ्या उपचारांसाठी वेगळी सही असते. लेस्टर-लंडनला राहून परतलेले काही बडोदेकर तो फॉर्म घेऊन येतात. तो इथल्या निकालाच्या रीतीत बसत नाही. इथला कागद इथेच, वेगळा करा. तसंच २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही ‘ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह’ आहे, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांसाठी. निकालात लिव्हिंग विललाही हेच नाव असल्यामुळे इंटरनेटवरच्या नमुन्यांत दोन्हींची खिचडी सापडते.

भाषेचा प्रश्न बडोद्यात खास आहे. सही करणाऱ्या आजी मराठीत विचार करतात, नोटरी गुजराती बोलतो, आणि आयसीयूतला डॉक्टर इंग्रजी वाचतो. ऑफिसने मजकूर इंग्रजीत केला आणि शेवटी ‘हा मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला, मान्य आहे’ अशी ओळ, वाचणाऱ्याच्या नाव-सहीसह घातली. हे बरोबर आहे. त्या ओळीवर समाधान मानू नका मात्र, खरोखर वाचून घ्या. घाई करणाऱ्याला थांबवा. आम्ही पाहिलेल्या वाचनात ‘पेग’ शब्दावर आजी अडल्या, आणि पोटावर बोट ठेवून दाखवल्यावर त्यांनी आपलं उत्तर बदललं.

साक्षीदार दोन, शक्यतो घराबाहेरचे. वारसा मिळणारा माणूस साक्षीदार नको. सही स्वखुशीने आणि समजून झाली याबद्दल आपलं समाधान साक्षीदारांनी आणि नोटरीने कागदावर नोंदवायचं असतं, नुसती सही पुरत नाही. नोटरीकडे तीन गोष्टी बघा: गोल शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक, त्याच्या परवान्याची मुदत संपलेली नाही ना, आणि त्याच्या रजिस्टरमध्ये तुमची सही घेतली का. रजिस्टरातला अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्या. नोटरीचे दर नियमांत ठरलेले असतात, त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा. स्टॅम्प पेपरची अट निकालात नाही. नोटरी मागतो म्हणून ई-स्टॅम्प लावतात, त्याला हरकत नाही. सब-रजिस्ट्रारकडे नोंदणीही लागत नाही, त्यामुळे बिलात ती ओळ दिसली तर विचारा कशाची.

आता सगळ्यात दुबळा भाग, आणि यासाठीच हा अभिप्राय लिहायला घेतला. निकालाप्रमाणे एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते, आणि ती सांभाळायला तिथे एक अभिरक्षक नेमायचा असतो. पुढे हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना कागदाचा खरेपणा तपासायचा असतो तो एकतर तुमच्या डिजिटल आरोग्य नोंदीवरून किंवा या अभिरक्षकाकडून. म्हणजे ही प्रत कुठे पोहोचलीच नाही, तर तपासणीची साखळीच तुटते. ऑफिसच्या पॅकेजमध्ये हे काम ‘ग्राहकाने करावे’ असं बारीक अक्षरात होतं. चुकीचं आहे. पैसे घ्यायचे तर याचे घ्या.

ते स्वतः करायचं तर असं करा. खंडेराव मार्केटमध्ये कॉर्पोरेशनच्या मुख्य कचेरीत, आयुक्तांच्या नावे एका पानाचं पत्र. त्यात २०१८ आणि २०२३च्या दोन्ही निकालांचा उल्लेख, अभिरक्षकाकडे प्रत जतन करावी ही विनंती, आणि सोबत नोटरी केलेली प्रत. टेबलावरच्या माणसाला हा कागद नवा असेल असं धरूनच जा, आणि निकालातल्या त्या परिच्छेदाची झेरॉक्स बरोबर ठेवा. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार मिळाला तर वाद घालू नका, तेच पाकीट स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा कागदाला टाचा. गावात किंवा तालुक्याला राहत असाल तर हेच नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे. शिवाय आभा (सरकारी डिजिटल आरोग्य नोंदीचं) खातं असेल तर स्कॅन तिथेही चढवा. फॅमिली डॉक्टरांना प्रत द्या, आणि ज्यांची नावं घातली त्यांना प्रत्येकी एक. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी लॉकर उघडत नाही.

हॉस्पिटलमध्ये पुढे काय होतं हे ऑफिसने एका पानावर छापून दिलं, आणि ते पान नेमकं आहे. आजार असाध्य, सुधारण्याची आशा नाही, आणि रुग्ण निर्णय सांगू शकत नाही, असं झाल्यावर हॉस्पिटल पहिलं मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळांचं होकारार्थी मत आणि नाव घातलेल्या व्यक्तींची संमती झाली की अंमल करण्यापूर्वी हॉस्पिटलने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. परवानगी मागत बसायचं नाही, कळवायचं. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली जाता येतं, आपल्यासाठी ते अहमदाबादला. अडतं ते बहुधा दुसऱ्या मंडळापाशी, कारण बाहेरचा डॉक्टर यायला हवा. म्हणून पहिलं मंडळ बसलं त्याच दिवशी दुसऱ्यासाठी पत्र गेलं का, हे हॉस्पिटलच्या प्रशासनाला लेखी विचारा.

कागद नसला तरी ही वाट बंद नाही. जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने हीच दोन मंडळं बसतात. हे लोकांना माहीत नसतं, हॉस्पिटलंही सांगत नाहीत, आणि मग घडतं ते ‘डामा’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशी सही, रुग्णवाहिकेत हातपंपाने दिलेला श्वास, आणि घरी पोहोचल्यावर ना ऑक्सिजन ना वेदनेचं औषध. जी गोष्ट कायदेशीरपणे, सलाइनमधून मॉर्फिन चालू ठेवून, घरच्यांनी हात धरून होऊ शकते, ती माणसं चोरासारखी करतात. हे पाहून चीड येते. ऑफिसच्या पत्रकात डामाबद्दल एक शब्द नव्हता, तो असायला हवा.

मेंदू मृत घोषित होणं ही बाब वेगळी. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पथक किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. तिथे हे लिव्हिंग विल लागत नाही. अवयवदान करायचं असेल तर तो फॉर्म स्वतंत्र भरा.

कागद बदलायचा किंवा रद्द करायचा हक्क क्षमता असेपर्यंत कधीही असतो, पण तोंडी नव्हे, लेखी. बदल करताना पुन्हा तीच रीत, साक्षीदार आणि नोटरीसकट. दोन कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरतात, म्हणून जुन्या प्रती सगळीकडून परत घ्या, कॉर्पोरेशनलाही रद्द केल्याचं कळवा. ऑफिस दर तीन वर्षांनी आठवण करून देण्याचं सांगतं. त्याची अट नाही, पण कॅन्सर, पक्षाघात किंवा किडनीचं निदान झालं की तक्ता पुन्हा उघडा. निरोगी माणसाने भरलेले रकाने आजारी माणसाला अनेकदा नको असतात.

मजकूर आणि डॉक्टरांची बैठक यासाठी या सेवेला पाचपैकी चार, कागद जागेवर पोहोचवण्यासाठी दीड. फी किती हे माणसागणिक बदलतं, पण ती चार ओळींत फोडून मागा: डॉक्टर, मसुदा, नोटरी, कॉर्पोरेशन. चौथी ओळ नसेल तर ती घालून घ्या किंवा तेवढी फी कमी करा.

शेवटी पाकिटात ठेवायचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड मिळतं. कल्पना छान आहे, छपाई चुकली आहे. त्यावर ऑफिसचा फोन आहे, जो संध्याकाळी सातनंतर कुणी उचलत नाही. ते कार्ड परत देऊन दुसरं मागा. त्यावर तुमचं नाव, ‘वैद्यकीय इच्छापत्र केले आहे’ ही ओळ मराठी, गुजराती आणि इंग्रजीत, कॉर्पोरेशनचा आवक क्रमांक, आणि क्रमाने पहिल्या दोन व्यक्तींचे मोबाइल एवढं हवं. त्यांच्यापैकी कुणी नंबर बदलला की कार्डही नवीन करून घ्या.